रकाना : निरंक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. गुरुजींची सायकल फार पंक्चर व्हायची. शाळेच्या वळणावर दुकान होतं. तिथला पोरगा ट्यूब बाहेर काढायचा, हवा भरायचा आणि घमेल्यातल्या मळकट पाण्यात ती हातभर हातभर बुडवत न्यायचा. बुडबुडे आले की बोटानं जागा दाबून कॉपिंग पेन्सिलीनं खूण करायचा आणि ट्यूब पुसायला घ्यायचा. गुरुजी म्हणायचे, "अरे, पूर्ण फिरव की." पोरगा वैतागायचा, कारण भोक तर सापडलेलं असायचं. पण गुरुजी व्हॉल्व्हपासून व्हॉल्व्हपर्यंत ट्यूब फिरल्याशिवाय तिथून हलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे.

आजचा माझा विषय त्या घमेल्याचाच आहे, फक्त ट्यूब फार मोठी आहे. संयोजकांनी मला आधी 'अणुऊर्जा : वरदान की शाप' असा विषय सुचवला होता. त्या विषयावर मी शाळेत निबंध लिहिलेला आहे, दहापैकी सहा गुण मिळाले होते, पुन्हा प्रयत्न करायची इच्छा नाही. मी बोलणार आहे ते एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल : अणुवीज केंद्रातली गळतीची चाचणी किंवा तपासणी ठरल्या दिवशी न करता पुढे ढकलायला नियामक परवानगी देतो, ती कशी देतो आणि कशाच्या जोरावर देतो. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत. तिथे चुका जास्त होतात असं काही नाही, पण तिथली कागदपत्रं बाहेर येतात. आपल्याकडच्या चुकांवर बोलायचं तर आधी कागद मिळायला हवेत.

अणुभट्टीभोवती काँक्रीटचा जाड घुमट असतो, त्याला आतून बहुतेक ठिकाणी पोलादी पत्र्याचं अस्तर असतं. याला कंटेनमेंट म्हणतात. भट्टीत काही बिघडलं, इंधन वितळलं, तर किरणोत्सारी वायू बाहेर न जाता आत कोंडून राहावेत, एवढंच त्याचं काम. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीचा निम्म्याच्या आसपास गाभा वितळला. दुपारी आत हायड्रोजन पेटला आणि घुमटातला दाब क्षणात चौरस इंचाला २८ पौंडांपर्यंत गेला. घुमटानं तो सोसला. त्या दिवशी आसपासच्या लोकांच्या वाट्याला जे आलं नाही, ते या भिंतीमुळे आलं नाही.

पण घुमट म्हणजे सलग मडकं नव्हे. त्यातून शेकडो पाइप आणि केबली आरपार जातात. माणसांसाठी दुहेरी दारं असतात, यंत्रं आत न्यायला मोठी झाकणं असतात, त्यांना गॅस्केटं असतात. म्हणून चाचण्या दोन पातळ्यांवर होतात. प्रत्येक दार, प्रत्येक झडप, प्रत्येक छिद्र वेगवेगळं तपासायचं, ही स्थानिक चाचणी. आणि अधूनमधून अख्खा घुमट बंद करून, मोठे कॉम्प्रेसर लावून, अपघातात येईल तेवढ्या दाबापर्यंत हवा भरायची आणि तासन्‌तास वाट बघायची. आतल्या तापमानाची, दाबाची, आर्द्रतेची मोजमापं घ्यायची आणि हवेचं वजन किती घटलं ते हिशेबानं काढायचं. बऱ्याच केंद्रांत दिवसाला एक-दशांश टक्क्याच्या आसपास एवढीच गळती चालते. ही समग्र चाचणी. इथे घमेलं नाही, बुडबुडेही नाहीत. पण ट्यूब पूर्ण फिरवायची ती हीच.

अमेरिकेच्या संघीय नियमावलीत या चाचण्यांचं परिशिष्ट १९७३ साली आलं. त्याप्रमाणे दहा वर्षांत तीनदा समग्र चाचणी करायची होती. १९९५ साली नियमात दुसरा पर्याय आला : आधीच्या चाचण्या चांगल्या गेल्या असतील तर दहा वर्षांतून एकदा पुरे. मग २००० नंतर एकामागून एक केंद्रांनी अर्ज केले, आम्हाला या एका खेपेपुरती दहाची पंधरा वर्षं करून द्या. अर्ज मंजूर होत गेले. पुढे पंधरा वर्षं हीच रीत झाली. 'या एका खेपेपुरती' हे शब्द आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला ओळखीचे वाटतील.

आता मी इथे उभा राहून नियामकाला शिव्या घालाव्यात अशी अपेक्षा असेल तर थोडी निराशा होईल, कारण त्यांची बाजू पोकळ नाही. आकडेवारी पाहिली तर बहुतेक गळत्या स्थानिक चाचण्यांतच पकडल्या जातात, फक्त समग्र चाचणीतच सापडलेल्या अगदी थोड्या. शिवाय लोकांना खरा धोका ज्या अपघातांतून आहे, त्यांत घुमट फुटतो किंवा त्याला वळसा घालून वाफ बाहेर जाते. आधीच थोडा झिरपणारा घुमट त्या हिशेबात फारशी भर घालत नाही. समग्र चाचणीला केंद्र बंद ठेवावं लागतं, दिवसाकाठी लाखो डॉलर जातात. २०२० साली कोविडच्या दिवसांत काही केंद्रांना बाष्पजनित्रांच्या नळ्यांची तपासणी पुढच्या थांब्यावर ढकलू दिली, त्यामागेही कारण होतं, शेकडो बाहेरचे कामगार एका बंदिस्त जागेत आणायचे नव्हते. प्रत्येक मुदतवाढीला कारण असतं आणि ते वाचताना पटतं.

माझी शंका कारणाबद्दल नाही, पुराव्याबद्दल आहे.

आपल्या सरकारी मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे, 'निरंक'. अहवालाचा तक्ता येतो, त्यात रकाना असतो, सांगण्यासारखं काही नसलं की कारकून 'निरंक' लिहून सही करतो. गावात साथीचे रुग्ण : निरंक. प्रलंबित तक्रारी : निरंक. आता या निरंकचे दोन अर्थ होतात. एक, घरोघर फिरलो, रुग्ण सापडला नाही. दुसरा, फिरलोच नाही, म्हणून सापडला नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. वरचा साहेब त्यांची बेरीज करतो, त्याचा वरचा साहेब तिचा आलेख काढतो, आणि मुंबईला पोचेपर्यंत न फिरलेल्या तलाठ्याचं निरंक फिरलेल्या तलाठ्याच्या निरंकाइतकंच वजनदार झालेलं असतं.

मी स्वतः नोकरीची पहिली अकरा वर्षं एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. एका वर्षी बॉयलरच्या दाखल्याची मुदत ऐन हंगामात, फेब्रुवारीत संपत होती. ऊस शिवारात उभा, बाहेर बैलगाड्यांची रांग, आणि तपासणीसाठी बॉयलर थंड करायचा म्हणजे गाळप बंद. आम्ही मुदतवाढीचा अर्ज केला. त्याचा मसुदा मीच लिहिला होता, आणि आज वाचला तरी तो चांगलाच आहे असं मी म्हणेन. त्यात एक वाक्य होतं : 'मागील तपासणीत कोणताही दोष आढळून आलेला नाही.' अक्षरशः खरं होतं. मुदत मिळाली, हंगाम नीट पार पडला. एप्रिलमध्ये बॉयलर उघडला तेव्हा मी बॅटरी घेऊन आत शिरलो. वळणावरच्या काही नळ्या आतून इतक्या पातळ झाल्या होत्या की हातोडी मारल्यावर आवाज वेगळा यायचा. फोरमन शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं तीन-चार नळ्यांवर हातोडी वाजवली, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. नळ्या बदलल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तशीच वेळ आली, तेव्हा अर्जात आणखी एक वाक्य वाढलं : 'गतवर्षी देण्यात आलेल्या मुदतवाढीच्या काळात कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.' तेही खरंच होतं. तेही मीच लिहिलं.

म्हणून अमेरिकेतल्या ज्या दोन गोष्टी मी आता सांगणार आहे, त्या वरून बघून सांगत नाही.

पहिली न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठावरच्या इंडियन पॉइंटची. दाबाच्या पाण्याच्या भट्टीत बाष्पजनित्र म्हणजे हजारो बारीक नळ्यांचा जुडगा. नळीच्या आतून भट्टीचं किरणोत्सारी पाणी वाहतं, बाहेर स्वच्छ पाण्याची वाफ होते. नळी फुटली की आतलं पाणी बाहेरच्यात मिसळतं, आणि ती वाट घुमटाला वळसा घालून जाते. इंडियन पॉइंटच्या दुसऱ्या भट्टीच्या नळ्या १९९७ मध्ये तपासल्या होत्या. पुढची तपासणी १९९९ च्या जूनमध्ये यायची होती. मधे केंद्र कित्येक महिने बंद होतं, नळ्या तेवढा काळ तापल्याच नाहीत, मग ते महिने धरू नयेत असा कंपनीचा युक्तिवाद. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं २००० च्या जूनपर्यंत मुदत दिली. १५ फेब्रुवारी २००० ला एक नळी फुटली. बाहेर गेलेली किरणोत्सारिता किरकोळ होती, कोणी दगावलं नाही. नंतर जुन्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा कळलं की त्या नळीतल्या दोषाची खूण १९९७ च्या मोजणीतच होती, सिग्नलमधल्या गोंगाटात ती हरवली होती. म्हणजे मुदतवाढ ज्या निरंकावर उभी होती ते निरंकच चुकलं होतं. आणि नवी बाष्पजनित्रं? ती कंपनीनं कित्येक वर्षांपूर्वीच विकत घेऊन आवारात ठेवली होती.

दुसरी गोष्ट ओहायोतली, एरी सरोवराच्या काठावरच्या डेव्हिस-बेस्सी केंद्राची. या केंद्राची एक जुनी ओळख आधी सांगतो. २४ सप्टेंबर १९७७ ला, केंद्र नवं असताना, इथे दाब सोडणारी एक झडप उघडी अडकली आणि आत पाणी भरपूर आहे असं समजून चालकांनी आणीबाणीचं पाणी थांबवलं. भट्टी तेव्हा नऊ टक्के शक्तीवर चालत होती, म्हणून निभावलं. दीड वर्षानं, डेव्हिस-बेस्सीची भट्टी ज्या कंपनीनं बनवली तिनंच बनवलेल्या थ्री माइल आयलंडच्या भट्टीत तशीच झडप तशीच अडकली. तेव्हा भट्टी जवळजवळ पूर्ण शक्तीवर होती.

२००१ च्या सुरुवातीला साउथ कॅरोलिनातल्या ओकोनी केंद्रात भट्टीच्या झाकणातल्या नोझलांना आडव्या भेगा सापडल्या. नियंत्रक सळ्या झाकणातून ज्या नळकांड्यांतून खाली उतरतात ती ही नोझलं. आडवी भेग पूर्ण फिरली तर नोझल बंदुकीच्या गोळीसारखं सुटेल आणि भट्टीचं पाणी वरच्या भोकातून निघून जाईल. आयोगानं ऑगस्टमध्ये सगळ्यांना पत्र पाठवलं : ज्यांना धोका जास्त, त्यांनी ३१ डिसेंबरपर्यंत झाकण तपासावं. डेव्हिस-बेस्सी त्या यादीत वर होतं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, आमचा इंधन बदलण्याचा थांबा ३० मार्चला आहे, तेव्हा बघू. आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी केंद्र बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा तयार केला. तो निघाला नाही. घासाघीस झाली, मंडईत होते तशी. ३१ डिसेंबर एका बाजूला, ३० मार्च दुसऱ्या बाजूला, सौदा ठरला १६ फेब्रुवारीला. त्या तारखेला भौतिकशास्त्रात काही आधार नव्हता, ती दोन तारखांच्या मधली होती.

आता झाकणावर काय चाललं होतं ते बघा. या भट्ट्यांच्या पाण्यात बोरिक ॲसिड घालतात, न्यूट्रॉन शोषायला. तुमच्या ओळखीचंच आहे ते, कॅरमबोर्डावर टाकायची पावडर. सुकी असताना ती निरुपद्रवी. पण भेगेतून पाणी झिरपलं, वाफ उडाली आणि मागे ओलसर, दाट बोरिक ॲसिड साचत राहिलं, तर ते साधं पोलाद खातं, आणि झपाट्यानं खातं. आयोगानं १९८८ मध्येच याचा इशारा दिला होता. डेव्हिस-बेस्सीत झाकणावर पावडरीचे थर साचत होते. लोकांची समजूत अशी की झाकण तापलेलं आहे, पावडर सुकीच राहणार. झाकणाच्या आवरणाला तळाशी छोट्या खिडक्या होत्या, त्यांना तिथले लोक उंदरांची भोकं म्हणायचे. त्यांतून कॅमेरा घालायचा, हात पोचेल तेवढं साफ करायचं. मोठी दारं पाडून घ्यावीत हा प्रस्ताव १९९० पासून होता. तो पुढे ढकलला, रद्द केला, पुन्हा मांडला, पुन्हा ढकलला. २००० च्या एप्रिलमधला एक फोटो आहे : त्या उंदराच्या भोकांतून लालसर तपकिरी ओघळ खाली उतरलेले, वाळलेले. गंजलेल्या पाण्याच्या टाकीखाली भिंतीवर येतात तसे.

आणि मला जी गोष्ट सगळ्यांत जास्त सतावते, ती गाळणीची आहे. घुमटातल्या हवेतली किरणोत्सारिता मोजणाऱ्या यंत्राला कागदी गाळणी असते. ती एरवी महिनाभर चालायची. १९९९ पासून ती तपकिरी धुळीनं तुंबायला लागली. शेवटी शेवटी एक-दोन दिवसांआड बदलावी लागत होती. धूळ तपासली, लोखंडाचा गंज निघाला. कोणी तरी माणूस दर दुसऱ्या दिवशी जिना चढून जात होता, तुंबलेली गाळणी काढत होता, नवी बसवत होता, नोंदवहीत लिहीत होता. भट्टीचं झाकण त्याच्या हातात येत होतं, धुळीच्या रूपानं. त्यानं त्याचं काम चोख केलं. गळतीचा नियमही मोडला नव्हता : अज्ञात गळती मिनिटाला एक गॅलनपर्यंत चालत होती, इथे ती एक-दोन दशांश गॅलन होती.

१६ फेब्रुवारी २००२ ला केंद्र थांबलं. ६ मार्चला तिसऱ्या नोझलाची दुरुस्ती चालू होती, यंत्र बाजूला काढताना नोझल कलंडलं. पोलादात घट्ट बसवलेली वस्तू कलंडत नाही. पावडर साफ केली तेव्हा खाली खड्डा होता, अननस बसेल असा. झाकणाचं पोलाद साडेसहा इंच जाड, ते त्या जागी आरपार गेलेलं. उरलं होतं ते आतल्या बाजूचं स्टेनलेसचं अस्तर, इंचाच्या तीन-अष्टमांश, म्हणजे पुरतं एक सेंटिमीटरही नाही. ते अस्तर दाब धरण्यासाठी नव्हतंच, ते गंजू नये म्हणून लावलेलं. त्यानं वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाब धरून ठेवला होता, आणि ते वर फुगलं होतं.

पुढे आयोगानंच हिशेब केला तेव्हा त्या वर्षात भट्टीचा गाभा वितळण्याची शक्यता हजारात सहा निघाली. ज्या पत्रव्यवहारावर मुदतवाढ दिली गेली, त्यात आधीच्या तपासण्यांबद्दल कंपनीनं खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं. २००५ मध्ये आयोगानं ५४ लाख ५० हजार डॉलर दंड केला, २००६ मध्ये न्याय खात्यानं २ कोटी ८० लाख घेतले. आयोगाच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २००२ च्या अहवालात लिहिलं की मुदतवाढीच्या निर्णयामागे कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं हा हेतू मोठ्या प्रमाणात होता. आयोगाचे अध्यक्ष रिचर्ड मेझर्व्ह यांनी ते मान्य केलं नाही. मला स्वतःला त्या वादात फार रस नाही. माझ्या लेखी तिथला खरा प्रश्न वेगळा आहे. बंद करण्याचा आदेश काढायचा तर धोका आहे हे आयोगानं दाखवायचं, आणि झाकण तर बघितलेलंच नाही, मग दाखवणार कसं? ज्याच्याकडे किल्ली आहे तो म्हणतो, चोरी झाल्याचा पुरावा द्या म्हणजे कपाट उघडतो. सवलत मागणाऱ्यानं सुरक्षितता सिद्ध करायची, हा नियमाचा मूळ क्रम. मुदतवाढीच्या अर्जात तो नकळत उलटतो.

आता माझ्याच म्हणण्यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. पेनसिल्व्हेनियात बीव्हर व्हॅली नावाचं केंद्र आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या घुमटाच्या आत साधी डोळ्यांनी पाहणी चालली होती. एका जागी रंगाला फोड आलेला दिसला. फोड खरवडला तर मागे पोलादी अस्तराला आरपार भोक. का? तर काँक्रीट ओतताना, १९७० च्या दशकात, लाकडाचा एक तुकडा आत राहून गेला होता. लाकडानं ओल धरली, ओलीनं पत्रा मागून खाल्ला. १९९९ मध्ये नॉर्थ ॲना केंद्रात असंच लाकूड निघालं होतं, आणि ब्रन्सविकमध्ये एका मजुराचा हातमोजा. तो मजूर कुठे असेल कोण जाणे, त्याचा मोजा पंचवीस-एक वर्षं घुमट कुरतडत होता. हे सगळं हवा भरून केलेल्या समग्र चाचणीत सापडलं नाही, कारण भोकामागे काँक्रीट होतं, हवा जाणार कुठे. सापडलं ते डोळ्यांना. मग समग्र चाचणी लांबवली तर बिघडलं काय, असं मुदतवाढवाले म्हणतील, आणि त्यांना माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की एक परीक्षा अपुरी आहे हे ती कमी वेळा घेण्याचं कारण होऊ शकत नाही. ती लांबवायचीच असेल तर बदल्यात दुसरं काहीतरी जास्त बघा. फोड खरवडा, झाकणावरची पावडर धुऊन खालचं पोलाद बघा. वर्षं वाढवून घ्यायची असतील तर ती निरंकाच्या बदल्यात नकोत, बघण्याच्या बदल्यात घ्या.

आपल्याकडचं थोडक्यात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधलेल्या, १९६९ पासूनच्या. पालघर-बोईसरच्या लोकांनी त्यांच्या शेजारी दोन पिढ्या काढल्या. गोव्याच्या दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगा आहे. १३ मे १९९४ ला, बांधकाम चालू असतानाच, पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाचा काँक्रीटचा थर सुटून खाली आला, मजूर जखमी झाले. भट्टीत अजून इंधन नव्हतं, हे नशीब. घुमटाचा आराखडा बदलून तो पुन्हा बांधला. आपला नियामक, अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ पासून आहे, आणि २०१२ साली कॅगनं आपल्या अहवालात त्याच्या स्वायत्ततेबद्दल कडक शब्दांत लिहिलं. कोणत्या चाचणीला, कोणत्या केंद्राला, किती मुदत आणि कशाच्या आधारावर दिली, हे अमेरिकेत शाळामास्तरसुद्धा वाचू शकतो. माझी मागणी आंदोलनाची नाही, वाचनालयाची आहे : मुदतवाढीचा अर्ज आणि त्यावरचा निर्णय, दोन्ही कागद लोकांना वाचता यावेत. त्यात माझ्यासारख्या कोणीतरी छान मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेलं एक वाक्य असेल, दोष आढळून आलेला नाही म्हणून. ते वाचणाऱ्यानं एवढंच विचारायचं, शेवटचं बघितलं कधी, आणि बघितलं कोणी.

डेव्हिस-बेस्सीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मिशिगनमधल्या मिडलंडच्या रद्द झालेल्या केंद्राचं न वापरलेलं झाकण आणून बसवलं, दोन वर्षांनी, २००४ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झालं. २०१० मध्ये त्या झाकणाच्या नोझलांनाही भेगा सापडल्या. तिसरं झाकण आत न्यायला ऑक्टोबर २०११ मध्ये बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडलं, आणि कापलेल्या कडेत भिंतीच्या आत चालत गेलेल्या भेगा दिसल्या. भेगा शोधायला भिंत कापली नव्हती. कारण निघालं ते १९७८ च्या जानेवारीतलं हिमवादळ : भिंतीला बाहेरून जलरोधक रंग दिलेला नव्हता, पाणी मुरलं आणि गोठलं. तेहतीस वर्षं त्या भेगा तिथे होत्या. २०१२ मध्ये भिंतीला रंग दिला. २०१३ मध्ये भेगा आणखी सरकलेल्या आढळल्या, कारण मुरलेलं पाणी रंगाच्या आत अडकून पुन्हा गोठत होतं. डिसेंबर २०१५ मध्ये आयोगानं केंद्राच्या परवान्याला वीस वर्षांची मुदतवाढ दिली. तो परवाना २२ एप्रिल २०३७ पर्यंत आहे.